समाजसेवेचे ३४० तास आणि शिष्यवृत्ती: न्यू जर्सीतील अकरावीच्या मुलीच्या आईस उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमची मुलगी न्यू जर्सीत अकरावीत, म्हणजे ज्युनिअर वर्षाला आहे. नऊ क्लबांत तिचे नाव आहे आणि गेल्या अडीच वर्षांत लायब्ररी, रुग्णालय, फूड पँट्री (गरजूंना मोफत अन्न देणारे केंद्र) व रविवारची मराठी शाळा मिळून ३४० तासांची स्वयंसेवा तिच्या वहीत नोंदलेली आहे. नेतृत्व आणि समाजसेवा यांसाठी हायस्कूलच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांकरिता एवढे तास पुरतील का, की तिच्या नावाने एखादी संस्था काढावी, हे तुम्हाला ठरवायचे आहे. मराठी शाळेतले काम अर्जात लिहावे की नाही, अशीही शंका तुम्ही विचारली आहे. शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिले आहे की तुम्ही एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहात आणि मुलगी एच-४वर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे.

मी गेली अठरा वर्षे इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर म्हणून काम करते, आणि त्यांपैकी दहा वर्षे गावातल्या एका छोट्या शिष्यवृत्ती निधीच्या निवड समितीवरही आहे. त्या अनुभवावरून सांगते की तुम्ही जाता जाता लिहिलेली व्हिसाची गोष्टच सर्वांत आधी पाहायला हवी. मुलांनी महिनाभर खपून अर्ज लिहावा आणि पात्रतेच्या पहिल्याच प्रश्नाशी तो अडावा, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता कुठलाही निबंध वाचायच्या आधी मी तो रकाना वाचते.

सर्वांना ठाऊक असलेले नाव घेऊ. कोका-कोला कंपनीला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९८६ मध्ये, तिच्या शिष्यवृत्तीचे प्रतिष्ठान स्थापन झाले. दरवर्षी बारावीतले १५० विद्यार्थी निवडले जातात आणि प्रत्येकाला २०,००० डॉलर मिळतात. ही शिष्यवृत्ती अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित अशा काही गटांसाठी आहे. एच-४वरच्या मुलांना ती खुली नाही. एल्क्स या जुन्या सेवासंघटनेची ‘मोस्ट व्हॅल्युएबल स्टुडंट’ शिष्यवृत्ती दरवर्षी ५०० मुलांना मिळते, पण तिला नागरिकत्वच लागते, ग्रीन कार्डही चालत नाही. केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीसाठी फॅफ्सा हा अर्ज भरावा लागतो, पण एच-४वरच्या मुलांना ती मदत मिळत नाही, त्यामुळे त्या मदतीच्या पात्रतेवर आधारलेल्या शिष्यवृत्त्याही बाद होतात. अर्ज करायच्या आत तुमचे ग्रीन कार्ड आले, तर यातले बरेचसे बदलेल. भारतीयांची रांग किती लांब आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून आज आहे ती परिस्थिती धरूनच मी पुढचे लिहिते.

दार सगळीकडे बंद आहे असे मात्र समजू नका. काही विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या नेतृत्व आणि चारित्र्य पाहून दिल्या जातात आणि त्यांना नागरिकत्वाची अट नसते. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातली मोरहेड-केन ही त्यांतली फार जुनी. तिचे प्रतिष्ठान १९४५ मध्ये स्थापन झाले आणि ती चार वर्षांचा शिकण्या-राहण्याचा खर्च उचलते. ड्यूक आणि चॅपल हिल या दोन्ही विद्यापीठांना जोडणारी रॉबर्टसन ही २००० साली स्थापन झाली. या दोन्हींची चुरस फार मोठी असते, म्हणून केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये. तुमच्या मुलीसारख्या मुलांसाठी मला सर्वांत खरी वाटणारी जागा म्हणजे आपले गाव. रोटरी, शाळेची पालक-शिक्षक संघटना, गावातली बँक, एखाद्या दिवंगत शिक्षकाच्या नावाने त्याच्या कुटुंबाने ठेवलेला निधी, अशा शिष्यवृत्त्यांना अनेकदा एवढीच अट असते की विद्यार्थी या गावच्या हायस्कूलमधून यंदा बाहेर पडणारा असावा. रक्कम ५०० ते २,००० डॉलरच्या घरात असते, पण कोका-कोलाकडे अलीकडच्या वर्षांत लाखाच्या आसपास अर्ज येतात आणि आमच्या निधीकडे साठ-सत्तर. अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक मागितला असेल तर घाबरून अर्ज सोडून देऊ नका. एच-४वरच्या मुलांना तो सहसा नसतो हे समितीला ठाऊक नसते, इतकेच. एक साधी ई-मेल पाठवून धनादेश थेट कॉलेजच्या नावाने काढता येईल का, असे विचारा. आमच्याकडे दोनदा असे विचारले गेले आणि दोन्ही वेळा ते जमले.

आता तासांबद्दल. तुमच्या-माझ्या पिढीच्या मनात ‘स्कॉलरशिप’ म्हटले की चौथीची आणि सातवीची परीक्षा उभी राहते: गुण, गुणवत्ता यादी, वर्तमानपत्रात नाव. कॉलेजात एनएसएसला गेलो असलो तर तिथेही वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक शिबिर असा हिशेब होता, आणि तो पुरा केला की प्रमाणपत्र मिळत असे. त्यामुळे समाजसेवेची शिष्यवृत्ती म्हटल्यावर आपण नकळत तासांना गुण समजू लागतो आणि ३४० म्हणजे शंभरपैकी किती, असे विचारू लागतो. इथेही तासांवर चालणारे सन्मान आहेत. अमेरिकी संसदेने १९७९ मध्ये कायदा करून सुरू केलेल्या काँग्रेशनल अवॉर्डच्या सुवर्णपदकाला ४०० तास सेवा, २०० तास व्यक्तिविकास, २०० तास व्यायाम आणि एक मोहीम अशी स्पष्ट अट आहे. तिथे कोणाशी स्पर्धा नसते. अट पुरी केली की पदक मिळते. पण त्या पदकातून कॉलेजची फी भरली जात नाही. जिथे पैसे मिळतात, तिथे माणसे बसून एकमेकांशेजारी ठेवलेले अर्ज वाचतात, आणि माणूस वाचायला बसला की आकडा फार लवकर मागे पडतो.

ते वाचन कसे होते हे सांगते, कारण पालकांना ते कधी दिसत नाही. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आम्ही पाच जण लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसतो: एक निवृत्त अग्निशामक, एक दंतवैद्य, बँकेतल्या एक बाई, गेल्या वर्षीच्या विजेत्याची आई आणि मी. (माझ्या शाळेतल्या मुलांच्या अर्जांवर मी मत देत नाही.) समोर साठेक अर्जांचे गठ्ठे असतात. एका अर्जाला सात-आठ मिनिटे मिळतात. तिसाव्या अर्जापर्यंत ‘रुग्णालयात १२० तास’, ‘अध्यक्ष’, ‘सहसंस्थापक’ हे शब्द वाचून वाचून गुळगुळीत झालेले असतात. कोणीतरी अर्ज खाली ठेवून चष्मा काढतो आणि म्हणतो, ‘‘हे ऐका जरा.’’ त्या वाक्यानंतर जो अर्ज वाचून दाखवला जातो, तो बहुतेक वेळा निवडला जातो.

काही वर्षांपूर्वी असा वाचून दाखवलेला एक अर्ज माझ्या अजून लक्षात आहे. मुलगी शनिवारी फूड पँट्रीत डबे लावायला जात असे. तिच्या ध्यानात आले की काही वयस्कर बायका पिशवी घेऊन दारापर्यंत जातात आणि दोन-तीन डबे परत फळीवर आणून ठेवतात. तिने ते डबे पाहिले: चिकनचे सूप, डुकराचे मांस घातलेला राजमा. त्या बायका शाकाहारी होत्या, काही हलाल पाळणाऱ्या होत्या, आणि इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे घरी नेऊन फेकण्यापेक्षा दारातच शेजारणीकडून वाचून घेऊन नको ते परत करत होत्या. मुलीने व्यवस्थापकांना एक वेगळी फळी मागितली. ते म्हणाले, जागा नाही. मग तिने चार शनिवार परत आलेले डबे मोजले आणि ती वही त्यांच्यापुढे ठेवली. फळी मिळाली. तिने डब्यांवर हिरवे, लाल आणि पिवळे ठिपके चिकटवले, दोन मैत्रिणींना ते काम शिकवले, आणि देणगी मागण्याच्या पत्रकात ‘मांस नसलेले डबे हवेत’ अशी ओळ घालून घेतली. अर्जात तिने तास लिहिले होते ६४. त्याच गठ्ठ्यात पाचशेहून अधिक तासांचे दोन अर्ज होते.

आमच्या अग्निशामक सदस्यांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, ‘‘ही मुलगी कॉलेजला गेल्यावर त्या फळीचे काय होईल?’’ आणि उत्तर अर्जातच होते, कारण ते काम आता त्या दोन मैत्रिणी करत होत्या. ‘नेतृत्व’ हा शब्द अर्जावर छापलेला असतो तेव्हा त्याचा आमच्या खोलीतला अर्थ हा असतो: या मुलामुळे काय बदलले, ते बदलण्यासाठी त्याला कोणाला तयार करावे लागले, आणि ते त्याच्यामागे टिकेल का. क्लबचे अध्यक्षपद या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर देत नाही.

म्हणून तुमच्या मुलीच्या नऊ क्लबांपैकी किती ठेवायचे हे तिलाच विचारा, पण प्रश्न असा विचारा: ‘तू पुढच्या आठवड्यापासून गेली नाहीस, तर कुठे कोणाचे अडेल?’ जिथे कोणाचे काही अडणार नाही, तिथले नाव शांतपणे काढून टाकायला हरकत नाही. कॉमन अ‍ॅपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकच भरायच्या प्रवेश अर्जात तशाही दहाच कामांसाठी जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरे, रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे धरून. नऊ क्लबांनी ती जागा भरली की ज्या एका कामात मुलगी खरोखर रमली, तेही इतरांइतकेच बारीक दिसू लागते. घरी आजारी आजीकडे पाहणे, धाकट्या भावाला सांभाळणे हेही त्या यादीत लिहिता येते. त्यासाठी कौटुंबिक जबाबदारी असा स्वतंत्र प्रकारच दिलेला आहे. आपली मुले तो हमखास रिकामा सोडतात, कारण घरचे काम हे सांगायचे काम आहे असे त्यांना कधी कोणी म्हटलेलेच नसते.

संस्था काढण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: या कारणासाठी काढू नका. हे मी कायद्याच्या आणि माणसांच्या, अशा दोन्ही बाजूंनी सांगते. करमुक्त संस्था, म्हणजे ५०१ (सी) (३), व्हायची तर राज्यात नोंदणी करावी लागते, संचालक मंडळ लागते आणि अनेक राज्यांत त्यावर सज्ञान माणसेच बसू शकतात. करखात्याकडे छोट्या संस्थेच्या सोप्या अर्जालाही २७५ डॉलर शुल्क आहे, आणि त्यानंतर दरवर्षी विवरणपत्र भरावे लागते. म्हणजे संस्था कागदोपत्री आई-बाबांची होते आणि मुलगी तिची ‘संस्थापक’ म्हणवते. समितीला हे समजते. अर्ज वाचणारा पहिल्यांदा संकेतस्थळ उघडतो, आणि तिथे एकच उपक्रम, चार छायाचित्रे व गेल्या ऑक्टोबरनंतर काहीच नाही असे दिसले, तर त्या अर्जातल्या खऱ्या कामाकडेही तो संशयाने पाहू लागतो. याला अपवाद आहे आणि तो मी मान्य करते. काम आधीच इतके वाढले असेल की लोक देणग्या द्यायला लागले आहेत, त्यांना पावती हवी आहे आणि पैशांचा हिशेब कोणाच्या खासगी खात्यातून होता कामा नये, तर नोंदणी जरूर करा. अशा वेळीही आधी एखाद्या चालू संस्थेच्या छत्राखाली काम होते का ते पाहा. एच-४वर असताना मोबदला देणारे काम तिला करता येत नाही. उन्हाळ्यातली लहानशी मानधनाची इंटर्नशिपही नाही. स्वतःच्या संस्थेतून मानधन घेण्याची कल्पना कोणी सुचवली, तर आधी वकिलाला विचारा.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर पात्रता आधी तपासा, गावातल्या निधींची यादी शाळेच्या काउन्सेलरकडून आत्ताच घ्या, दोन-तीन कामे धरून बाकीची सोडा आणि संस्था काढायचा विचार बाजूला ठेवा.

शिफारसपत्राबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण निम्मे अर्ज तिथेच फिके पडतात. यात माझी स्वतःची एक चूक आहे. काउन्सेलर म्हणून तिसऱ्याच वर्षी मी एका फार चांगल्या मुलासाठी पत्र लिहिले. ‘कष्टाळू’, ‘विनम्र’, ‘नेतृत्वगुण असलेला’ असे सगळे शब्द त्यात होते आणि सगळे खरे होते. त्याची निवड झाली नाही. पुढे मी स्वतः समितीवर गेले आणि तशीच चाळीस पत्रे एका बैठकीत वाचली, तेव्हा मला कळले की त्या मुलाला मी काहीच दिले नव्हते. तो बर्फ पडलेल्या दिवशी, शाळेला सुट्टी असताना, चालत जाऊन ज्येष्ठांच्या केंद्राच्या पायऱ्या साफ करून आला होता. हे मला ठाऊक होते आणि मी लिहिले नव्हते. तेव्हापासून कोणत्याही पत्रात मी किमान एक तरी डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग लिहिते.

तुमच्या मुलीने पत्र कोणाकडे मागावे? पद मोठे असलेल्या माणसाकडे नव्हे. रुग्णालयाच्या संचालकांनी तिला कदाचित दोनदा पाहिले असेल. लायब्ररीत मुलांच्या विभागात तिच्यासोबत दर आठवड्याला काम करणाऱ्या बाईंनी तिला थकलेले, चिडलेले आणि तरीही लहान मुलाला तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचून दाखवताना पाहिलेले असते. त्यांच्याकडे मागावे. मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मागावे, आणि सोबत एक पानभर टिपण द्यावे: कधीपासून काम केले, काय अडले, काय बदलले, काय जमले नाही. ‘काय जमले नाही’ हे लिहायला मुले घाबरतात, पण पत्र लिहिणाऱ्याला धागा बहुधा तिथेच सापडतो. मुदतीच्या आधी किमान तीन आठवडे द्या.

वेळापत्रक धावते सांगते. मोठ्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज बारावीच्या वर्षी साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये भरावे लागतात, गावातल्या निधींचे साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये, आणि त्यांचे निकाल मे-जूनमधल्या बक्षीस समारंभात लागतात. अर्जासाठी शुल्क मागणारी किंवा ‘तुमची निवड झाली आहे, आता बँकेचा तपशील द्या’ असे सांगणारी शिष्यवृत्ती फसवी समजा आणि पुढे वाचू नका.

पैशांबद्दल एक गोष्ट मात्र सावकाश समजून घ्या. बाहेरून मिळालेली शिष्यवृत्ती काही कॉलेजे आपल्या मदतीतून वजा करतात. समजा कॉलेजने तुमच्या मुलीला १८,००० डॉलरची मदत दिली आणि गावातून तिला ३,००० मिळाले, तर कॉलेज आपली मदत १५,००० वर आणू शकते, आणि मुलीच्या कष्टाचे पैसे कॉलेजच्या तिजोरीत राहतात. या प्रकाराला आळा घालणारा पहिला राज्य कायदा मेरीलँडने २०१७ मध्ये केला आणि नंतर इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले, पण त्यांची व्याप्ती वेगवेगळी आहे आणि खासगी कॉलेजांचे नियम आणखी निराळे. प्रवेश मिळाल्यावर आर्थिक मदत कार्यालयाला लेखी विचारा की बाहेरची शिष्यवृत्ती आली तर आधी कर्जाचा भाग कमी होतो की अनुदानाचा. काही निधी, आमचा त्यांतला एक, पैसे दुसऱ्या सत्रात किंवा दुसऱ्या वर्षी द्यायला तयार असतात; विचारले तरच हे कळते. करासाठी एवढे लक्षात ठेवा की कॉलेजच्या शिक्षणाचे शुल्क आणि अभ्यासक्रमाला आवश्यक पुस्तके यांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, राहण्या-जेवणावर खर्च झालेली करपात्र धरली जाते.

आता मराठी शाळेचा प्रश्न. तुम्ही लिहिले आहे की ‘ते आपल्याच लोकांचे काम आहे, त्याला समाजसेवा म्हणतील का?’ तुमच्या मनातला संकोच मला समजतो, कारण अनेक मराठी घरांतून मी तो ऐकला आहे. आपल्या समाजासाठी केलेले काम हे समाजसेवाच आहे. चर्चमधल्या मुलांनी तिथल्या स्वयंपाकघरात केलेले काम अर्जात मानाने लिहिलेले असते. अडचण एवढीच असते की आपली मुले ‘गणेशोत्सवात मदत केली, कार्यक्रमात निवेदन केले’ असे लिहितात आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. तुमची मुलगी रविवारी कोणता वर्ग घेते? ज्या मुलांच्या घरी मराठी बोललीच जात नाही, ती मुले तिच्या वर्गात किती आहेत? त्यांच्यासाठी तिने स्वतः काही तयार केले का, एखादा खेळ, चित्रांची पाने, ‘ळ’ आणि ‘ल’ वेगळा ऐकू यावा म्हणून एखादी युक्ती? त्यातले एखादे मूल सुट्टीत आजीशी फोनवर आपण होऊन दोन वाक्ये बोलले, असे कोणा पालकाने तिला सांगितले का? सांगितले असेल, तर ते तिने त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायला हवे होते. नसेल लिहिले, तर या रविवारी वर्ग सुटल्यावर दारात उभे राहून पालकांना विचारायला तिला सांगा, आणि तासांच्या वहीत एक नवा रकाना आखून द्या, त्या दिवशी काय घडले ते लिहिण्यासाठी.